‘पर्यायी स्रोत नसल्यास’ : रुळाखालची माती, विहिरीतले पाणी आणि आपली समीक्षा

दलित साहित्याच्या समीक्षेने गेल्या पन्नास वर्षांत वेदना, नकार, विद्रोह या शब्दांना प्रतिष्ठा मिळवून दिली. ते आवश्यकच होते. परंतु या शब्दांच्या गर्दीत आपल्या साहित्यातला एक मोठा ऐवज दुर्लक्षित राहिला. तो म्हणजे जमिनीविषयीची माहिती. मेलेले ढोर कुठवर ओढून नेत, कातडे कुठे कमावत, गावाची घाण कोणत्या अंगाला पडे, पाणी कुठून आणावे लागे, हे सारे आपल्या आत्मकथनांत पानोपानी आहे. समीक्षकांनी त्यात अवहेलना पाहिली. त्यात एक नकाशाही आहे, हे कोणी पाहिले नाही. या नकाशाचा पुरावा म्हणून उपयोग करण्याची वेळ आली आहे, असे माझे म्हणणे आहे. ते मांडण्यासाठी मी एखाद्या कवितेपासून किंवा कथेपासून सुरुवात करणार नाही. ज्याला कोणीही वाङ्मय म्हणणार नाही अशा लिखाणापासून करणार आहे : रेल्वेमार्ग टाकण्यापूर्वी माती आणि भूजल यांची जी तपासणी होते, तिचे लिखाण.

अकोटकडच्या वाचकाला हा विषय परका नाही. अकोला–अकोट हा मीटरगेजचा टप्पा २०१७ च्या आरंभी रुंदीकरणासाठी बंद झाला आणि ब्रॉडगेज होऊन नोव्हेंबर २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाला. उगवे, गांधीग्राम, पाटसूल ही त्यावरची स्थानके. गाडी सुरू होण्याच्या महिनाभर आधी गांधीग्रामचा पूर्णेवरचा जुना रस्तापूल तडे गेल्यामुळे बंद करावा लागला होता. त्या दिवसांत कॉलेजचा विद्यार्थी, दवाखान्याचा रोगी आणि रोजमजुरीवर जाणारी बाई यांना अकोला किती लांब झाले होते, हे इकडच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणून आधीच सांगतो, रेल्वेला विरोध करणारा हा लेख नाही. गाडीचे तिकीट एस.टी.पेक्षा स्वस्त असते, आणि ज्याच्या घरी मोटारसायकलही नाही त्याच्यासाठी रूळ हाच रस्ता आहे.

अकोटच्या पुढचा वाद आणखी मोठा होता. जुना मार्ग सुमारे ३९ किलोमीटर मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पातून जातो. २०२१ साली राज्य शासनाने हा मार्ग जंगलाबाहेरून न्यावा असा आग्रह रेल्वे मंत्रालयाकडे धरला आणि अडगाव, हिवरखेड, सोनाळा, जामोद अशा सपाटीवरच्या गावांकडून जाणाऱ्या मार्गाचा विचार पुढे आला. वाघाच्या बाजूने बोलणारी माणसे होती, ती विद्वान होती. प्रवाशांच्या बाजूने बोलणारी होती, ती मोर्चे काढत होती. या सगळ्या चर्चेत गावच्या विहिरीच्या बाजूने बोलणारे कोणी ठळकपणे दिसले नाही. वाघासाठी रूळ वळतो, हे चांगलेच आहे. पण वाघासाठी केळपाणी, गुल्लरघाटचा कोरकूही अकोट-तेल्हाऱ्याच्या सपाटीवर उतरवला गेला होता, आणि सपाटीवरच्या जगण्याला कंटाळून तो जंगलात परत गेला तेव्हा जानेवारी २०१९ मध्ये वनखात्याशी त्याचा संघर्ष झाला, हेही याच भूगोलात घडलेले आहे.

कायद्याकडे पाहू. केंद्र शासनाच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने कोणत्या प्रकल्पांना पर्यावरणीय मंजुरी लागेल याची अनुसूची दिली. तिच्यात महामार्ग आहे, विमानतळ आहे, बंदर आहे. रेल्वेमार्ग नाही. जंगल लागले तर वनखात्याची परवानगी, अभयारण्य लागले तर वन्यजीव मंडळाची. पण जिथे जंगल नाही, वाघ नाही, फक्त कपाशीचे शेत, गावकूस आणि गावकुसाबाहेरची वस्ती आहे, तिथे रूळ टाकण्यापूर्वी मातीत आणि पाण्यात काय मिसळले आहे हे विचारण्याचे कायदेशीर बंधन या अधिसूचनेने रेल्वेवर घातले नाही.

याचा अर्थ रेल्वे माती तपासत नाही असा मुळीच नाही. ती फार कसोशीने तपासते. ठरावीक अंतरावर बोअर घेतले जातात, थराथराचे नमुने निघतात. दाणा केवढा, ओली माती किती फुगते, सुकली की किती आकसते, दाबल्यावर किती भार घेते, हे प्रयोगशाळेत मोजले जाते. आमची काळी माती या परीक्षेत नापास होते. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर थेट रूळ ठेवता येत नाही. चांगल्या मुरमाचा जाड थर द्यावा लागतो किंवा ती काढूनच टाकावी लागते. आपल्या ग्रामीण कवितेने हिला ‘काळी आई’ म्हणून इतके ओवाळले आहे की भूमिहीनाने ते ऐकताना आपली आई कोणती, असे विचारावे. इंजिनिअर निदान ओवाळत नाही. तो म्हणतो, ही भरवशाची नाही. मला त्याचे वाक्य अधिक प्रामाणिक वाटते.

याच तपासणीत पाण्याचीही परीक्षा असते. पुलाचा पाया ज्या मातीत आणि ज्या पाण्यात उभा राहणार, तिथे क्लोराइड किती, सल्फेट किती, आम्लता किती हे पाहावे लागते, कारण क्षार काँक्रीट खातात आणि आतले लोखंड गंजवतात. काँक्रीट कालवण्याच्या पाण्यालाही मर्यादा आहेत. भारतीय मानक आय. एस. ४५६ (२०००) सांगते की लोखंडी सळ्या असलेल्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे.

आता याच मानक ब्यूरोचे दुसरे पुस्तक उघडू. पिण्याच्या पाण्याचे मानक आय. एस. १०५०० (२०१२). त्यात क्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा २५० मिलिग्रॅम आहे. पण शेजारी दुसरा रकाना आहे. त्याचे शीर्षक असे : पर्यायी स्रोत नसल्यास अनुज्ञेय मर्यादा. त्या रकान्यात आकडा आहे १०००. म्हणजे ज्याला दुसरी विहीर नाही त्या माणसाने जे पाणी प्यायले तर चालेल, ते पाणी पुलाच्या सळईला चालणार नाही.

आकड्यांशी अप्रामाणिक राहून आपल्याला काही मिळवायचे नाही, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. सळईची मर्यादा गंजावर बेतलेली आहे, माणसाची क्लोराइडची मर्यादा मुख्यतः चवीवर. दोन्ही रसायनशास्त्रदृष्ट्या चूक नाहीत. शिवाय एकूण विद्राव्य क्षारांच्या बाबतीत आकडे उलटे आहेत : पर्याय नसलेल्या माणसाला २०००, आणि काँक्रीटच्या पाण्याला असेंद्रिय घन पदार्थ ३००० पर्यंत. नायट्रेटला तर सवलतच नाही, ४५ म्हणजे ४५. तेव्हा ‘लोखंड माणसापेक्षा महाग’ अशी घोषणा एका आकड्यावर उभी करणे सोपे असले तरी ते मी करणार नाही. माझे लक्ष आकड्यावर नाही, त्या रकान्याच्या शीर्षकावर आहे.

‘पर्यायी स्रोत नसल्यास.’ हे वाक्यांश लिहिणाऱ्या तज्ज्ञाच्या मनात कोणती जात नसेल. दुष्काळी प्रदेशातल्या माणसाला पाणीच नाकारले जाऊ नये, हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. पण समीक्षेचे काम हेतूपाशी संपत नाही. पर्याय कोणाला नसतो? ज्या मुलुखात पाणवठा जातीने वाटला गेला, तिथे ‘स्रोत नाही’ आणि ‘स्रोत आहे पण शिवू देत नाहीत’ यांत फरक करायला हवा होता. तो फरक मानकाच्या भाषेत मावत नाही. २० मार्च १९२७ ला महाडला जे झाले ते पर्यायी स्रोत असताना झाले. तळे समोर होते. ते चाखले म्हणून मार बसला, आणि मग १०८ घागरी पाणी काढून, त्यांत शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. आजच्या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात १०० मिलिलिटरमागे कोलिफॉर्म जिवाणू एकही सापडता कामा नये. ती शुद्धी आजच्या प्रयोगशाळेत नेली असती तर निकाल काय आला असता, याचा विचार वाचकांनीच करावा. तळ्यावरचा हक्क कोर्टात ठरायला पुढे मार्च १९३७ उजाडावा लागला.

मराठीत विटाळ आणि प्रदूषण असे दोन शब्द आहेत. इंग्रजी समाजशास्त्रज्ञ जातीच्या विटाळालाही पोल्यूशन म्हणतो आणि रसायनतज्ज्ञ कारखान्याच्या सांडपाण्यालाही पोल्यूशनच म्हणतो. आपली भाषा अधिक नेमकी, असे वाटू शकते. पण या नेमकेपणाने एक सोयही करून दिली. विटाळ हा धर्माचा विषय झाला, प्रदूषण हा विज्ञानाचा, आणि ज्या वस्तीवर पहिल्याचा आरोप होता तिच्याच पदरात दुसरे पडले, हा संबंध दोन खात्यांच्या मधल्या भिंतीत गाडला गेला.

आमच्या वऱ्हाडात ही भिंत खारट आहे. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा या जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरला आहे. साडेचार लाख हेक्टरांहून अधिक जमीन आणि सुमारे ८९० गावे. अकोट तालुक्याचा दक्षिणेकडचा भाग त्यात येतो. गाळाच्या खोल थरांत क्षार आहेत, निचरा मंद आहे, विहीर खणली तर खारे पाणी लागते. वर्गात एकदा ‘आमचे पाणी’ या विषयावर लिहायला सांगितले, तेव्हा पूर्णेकाठच्या एका मुलाने लिहिण्याऐवजी उभे राहून सांगितले, “सर, आमच्या पान्यात दाय शिजत नाही, साबनाले फेस येत नाही. लिहाचं काय?” मूत्रपिंडाच्या दुखण्याने माणसे गेल्याचे तर या पट्ट्यात गावोगाव ऐकू येते.

यावर शासकीय भाषेचा ठरलेला शब्द म्हणजे ‘नैसर्गिक’. क्षार नैसर्गिक आहेत, म्हणून दोषी कोणी नाही. क्षार नैसर्गिक आहेत हे खरेच आहे. पण ज्या गावात गोड्या पाण्याची विहीर एकच निघाली, ती कोणाच्या आळीत राहिली आणि खारी विहीर कोणाच्या वाट्याला आली, हे निसर्गाने ठरवले नाही. वान धरणावरची ८४ खेडी योजना हा आता अकोट-तेल्हाऱ्याचा पर्यायी स्रोत आहे. ज्या दिवशी नळ येत नाही त्या दिवशी मात्र कोणाच्या दारात बोअर आणि फिल्टर आहे आणि कोण हापशीवर जातो, हे पाहिले की मानकातला तो दुसरा रकाना गावात कुठे राहतो ते कळते.

कोणी म्हणेल, पाणी आधीच खारे आहे, त्यात रेल्वेचा काय संबंध? संबंध आहे, आणि म्हणूनच तपासणी आधी हवी. भराव हा सपाट मुलुखात आडवा घातलेला बांध असतो. त्याला पुरेशा मोऱ्या नसतील तर पावसाचे पाणी एका अंगाला तुंबते. खारपाणात पाणी तुंबले की खालचे क्षार वर चढतात आणि पाणी आटल्यावर मातीवर पांढरी पापुद्री धरतात. भरावासाठी माती काढलेले खड्डे राहतात, त्यांत पाणी साचते, ढोरे तिथे पितात, बाया तिथे धुतात. पुलासाठी खोल पाइल घालताना वरचा पातळसा गोडा थर आणि खालचा खारा थर यांची गाठ पडू शकते. जुन्या मार्गांचा प्रश्न आणखी निराळा. वाफेच्या इंजिनांची राख, यार्डात झिरपलेले तेल, लाकडी स्लीपरांना पाजलेले क्रिओसोट, तणनाशके, हे जगभर जुन्या रेल्वे जमिनींत सापडते. क्रिओसोट पाजलेले जुने लाकूड गरिबाच्या चुलीत जळले तर त्याचा धूर कोणाच्या छातीत जातो, हे सांगायला तज्ज्ञ नको.

ज्या देशांत अशी तपासणी रीतसर होते तिथे ती तीन गोष्टींवर उभी असते : घाणीचा स्रोत, तिची वाट, आणि ती भोगणारा. तिन्ही सापडले तरच धोका मानतात. पहिला बोअर घेण्याआधी एक कागदी शोध असतो. या जमिनीवर पूर्वी काय चालत असे? जुने नकाशे, परवाने, कारखान्यांच्या नोंदी पाहतात, म्हाताऱ्या रहिवाशांना विचारतात. मग कुठे खणायचे ते ठरते.

हा पहिला प्रश्न आपल्या गावात विचारून पाहा. काळी म्हणजे शेती, पांढरी म्हणजे वस्ती, एवढे महसुली दप्तर सांगेल. पण ढोरफोडी कुठे होती, चुन्याच्या आणि बाभळीच्या सालीच्या कुंडांत कातडी कुठे भिजत पडत, साथीत मेलेली जनावरे कुठे पुरली, गावाचा मैला कोणत्या खड्ड्यात जाई, हे दप्तरात क्वचितच असते. ते ज्यांनी ती कामे केली त्यांच्या आठवणीत असते. आणि ती जागा बहुधा त्यांच्याच वस्तीला लागून असते. भारतातल्या जमिनीचा प्रदूषण-इतिहास जातीचे नाव न घेता लिहिताच येणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

इथे आपले साहित्य कामाला येते. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) नगर जिल्ह्यातल्या अकोल्याकडचे, आमच्या अकोल्याचे नव्हे. पण त्यातली महारकी आणि मेलेल्या ढोरांची वाटणी वाचताना महारवाड्याचा भूगोल कळत जातो. अण्णाभाऊ साठ्यांच्या ‘स्मशानातील सोनं’ या कथेतला भीमा खाणीतले काम सुटल्यावर मढ्यांची राख चाळून सोने शोधतो. त्या कथेवर पुष्कळ लिहिले गेले, भुकेबद्दल, क्रौर्याबद्दल. पण शहराच्या कडेला खाण, स्मशान आणि श्रमिकांची वस्ती एकत्र का येतात, हा प्रश्न त्या कथेच्या पोटातच आहे. माती हाताने चाळून तिच्यात काय आहे हे सांगणारा भीमा हा आपल्या साहित्यातला सगळ्यात गंभीर मातीपरीक्षक आहे.

मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते ते शंकरराव खरातांचे ‘तराळ-अंतराळ’ (१९८१). त्यात तराळकी करणाऱ्या बापाला विहिरीतले प्रेत काढण्यासाठी आत उतरावे लागते, तो प्रसंग आहे. बहुतेक समीक्षकांनी तो सत्तेच्या निर्दयपणाचा प्रसंग म्हणून वाचला, आणि तो तसा आहेच. पण जरा विहिरीच्या बाजूने वाचा. विटाळाच्या शास्त्राप्रमाणे या माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते. आणि पाणी खरोखर नासले, कुजले, तेव्हा ते स्वच्छ करायला त्यालाच उतरवले जाते. म्हणजे गावाला विटाळ आणि प्रदूषण यांतला फरक नीट कळत होता. खऱ्या घाणीच्या वेळी गाव शास्त्र बाजूला ठेवी आणि माणूस पुढे ढकली. विहीर कशाने नासते, तिच्यात उतरल्यावर काय असते, याचे ज्ञान त्या व्यवस्थेत कोणाकडे होते? काठावर उभ्या असलेल्यांकडे नव्हते. आपल्या सौंदर्यशास्त्राने अनुभवाच्या सच्चेपणावर इतका भर दिला की अनुभव हा ज्ञानाचाही एक प्रकार असतो, हे म्हणायचे राहून गेले. खरातांच्या बापाचे ते ज्ञान आहे, आणि पाण्याच्या कोणत्याही तपासणीत ते साक्ष म्हणून उभे राहू शकते.

आपल्याच कार्यकर्त्यांचा एक आक्षेप मला अपेक्षित आहे. आधी रेल्वे येऊ द्या, तपासण्या काढल्या की दहा वर्षे जातील, आणि पर्यावरण हा पोट भरलेल्यांचा छंद आहे. यात तथ्य नाही असे नाही. पर्यावरणाच्या नावाने गरिबाची वस्ती उठवलेली आपण पाहिली आहे. पण इथे वेळेचा मुद्दा टिकत नाही. बोअर कसाही घ्यायचाच असतो. पाण्याची बाटली काँक्रीटसाठी प्रयोगशाळेत जातच असते. त्याच बोअरची दुसरी बाटली फ्लोराइड, नायट्रेट, अर्सेनिक आणि कीटकनाशकांसाठी पाठवायची आहे, आणि रुळाच्या दोन्ही अंगांच्या हापशांचे पाणी काम सुरू होण्यापूर्वी एकदा तपासून तो कागद ग्रामपंचायतीत लावायचा आहे. पुढे पाणी बिघडले तर ‘ते आधीपासूनच तसे होते’ हे उत्तर देणाऱ्याला तो कागद दाखवता येईल. आज तो कागद नसल्यामुळे बिघडलेले प्रत्येक पाणी नैसर्गिक ठरते.

जुलै २०२५ मध्ये केंद्र शासनाने प्रदूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. त्यांनुसार स्थानिक संस्थेने किंवा जिल्हा प्रशासनाने, स्वतःहून अथवा लोकांच्या तक्रारीवरून, संशयित जागा ओळखून दर सहा महिन्यांनी त्यांची यादी द्यायची आहे. खारपाणातले क्षार या नियमांत बसणार नाहीत, कारण ते नैसर्गिक. पण जुने रेल्वे यार्ड, कातड्याची कुंडे, औषधांचे डबे पुरलेले खड्डे बसू शकतात. यादी करणारा बाबू ढोरफोडीची जागा कोणाला विचारेल? सरपंचाला विचारील, तलाठ्याला विचारील. हिवरखेड, सोनाळ्याच्या बाजूला रूळ यायला अजून अवकाश आहे. तोवर त्या गावांतले आमचे विद्यार्थी आपापल्या वस्तीतल्या सत्तरी-ऐंशीच्या म्हाताऱ्यांकडून या जागा, त्यांची अंतरे आणि जवळच्या विहिरी वहीत उतरवून घेऊ शकतात. दोन मुलींनी या उन्हाळ्यात सुरुवात केली आहे. त्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर एका आजीने सांगितलेल्या अकरा जागा आहेत. त्यांपैकी सातबाऱ्यावर नाव सापडले ते तीन जागांचे.